खंडेनवमीचा कॉम्प्युटर

पप्पांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडात भाकरीचा घास होता. तो मी गिळला की तसाच चावत राहिले ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की घरातल्या तिघांनी एकदम माझ्याकडं बघितलं. "मंजे, तूच सांग," पप्पा म्हणाले, "ह्यो कॉम्प्युटर ठेवायचा का काढायचा? तुला कळतंय त्यातलं. पण खंडेनवमीच्या आत सांग. ठेवायचा तर पूजेला मांडू, न्हाईतर आधीच घालवू. पूजा केलेली वस्तू लगेच घराबाहेर काढू नये." आदल्याच तासाला तो पुन्हा बंद पडला होता, आत्याची अर्धी टाइप केलेली प्रश्नपत्रिका पोटात घेऊन. आधी पडदा काळा झाला, मग पंख्याची घरघर थांबली, आणि मधल्या खोलीत एकदम अशी शांतता झाली की स्वयंपाकघरात मम्मीनं हातातली भाकरी थापायची थांबवली. "काढा की अण्णा," आत्या ताटातून मान वर न करता म्हणाली. "म्हातारा झालाय." ज्वारीला कीड लागलीय, असं सांगावं तसं ती म्हणाली. आणि मग सगळे माझ्याकडं बघत राहिले. मी मंजुश्री, दहावी ब, या घरातली सगळ्यात लहान व्यक्ती, आणि घरातली सगळ्यात मोठी वस्तू ठेवायची की नाही हे मी ठरवणार होते.

खरं तर मला लगेच उत्तर देता आलं असतं. जूनपासून माझ्यात काहीतरी झालंय. गणिताच्या तासाला सरांनी फळ्यावर अधिक लिहिलं आणि तिथं वजा पाहिजे होतं. पन्नास जणी खाली मान घालून तेच अधिक उतरवून घेत होत्या. मी उभी राहिले. आवाज आला तो दुसऱ्याच कुणाचा तरी, मोठा आणि स्वच्छ. "सर, तिथं वजा येतं." सर फळ्याकडं वळले, मग हाताच्या तळव्यानंच ते चिन्ह पुसलं. त्या दिवशी बाहेर आलेला आवाज परत आत गेलाच नाही. आता मी स्कूटीवर मोठ्यानं गाते, गंजगोलाईच्या वळणावर हातगाडीवाले मान वळवून बघतात तरी गाते. मोबाइलचा कुठला पॅक मारायचा ते मम्मी मला विचारते, किराणा दुकानात कुठली नवी बिस्किटं चालतील ते पप्पा मला विचारतात, आणि मला माहीत नसलं तरी मी सांगून टाकते. नंतर बघते, तर बहुतेक वेळा बरोबरच निघतं. तसंच मी त्या रात्री म्हणणार होते, काढा. जुनी विंडोज आहे, तिच्याकडं आता तिची कंपनीसुद्धा बघत नाही. ते टेबल मला अभ्यासाला द्या आणि पुढच्या वर्षी लॅपटॉप घ्या. वाक्य जिभेवर तयार होतं. तेवढ्यात मला आत्याची बोटं दिसली. ती भाकरीचा तुकडा मोडत होती, मोडलेला पुन्हा मोडत होती, त्याचाही पुन्हा. ताटात नुसता चुरा झाला होता आणि त्यातला एक कणही तोंडात जात नव्हता. "सांगते," मी म्हणाले. "आधी नीट बघते." पप्पा खूश झाले. "बघ, इंजिनिअर कसा बोलतो," ते मम्मीला म्हणाले. मम्मी म्हणाली, "इंजिनिअरला म्हणावं ताट उचल आधी."

उज्वला आत्या ही पप्पांची धाकटी बहीण. तिला निलंग्याला दिली होती. वर्षभरात ती परत आली. का आली, ते आमच्या घरात कुणी पूर्ण वाक्यात सांगत नाही. वाक्य सुरू होतं, "तेव्हा उज्वला आली न निलंग्याहून," आणि मग तिथून कुठंतरी दुसरीकडंच जातं, त्या वर्षीच्या पावसाकडं नाहीतर तुरीच्या भावाकडं. मी तेव्हा मम्मीच्या पोटात होते. त्या दिवाळीत पप्पांनी कॉम्प्युटर आणला, उज्वलाचं मन रमावं म्हणून. मधल्या खोलीत खिडकीखाली त्याची जागा झाली, सुताराकडून टेबल आलं, मम्मीनं त्याला निळ्या दोऱ्यानं भरलेलं झाकण शिवलं. मला आठवतं तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मम्मी चहा देते आणि पप्पा कॉम्प्युटर दाखवतात. "हे उज्वलाचं." एवढंच म्हणतात, मी घेऊन दिला असं एकदाही त्यांच्या तोंडून आलेलं नाही, मुळीच नाही, ते तसले नाहीतच. पण पाहुणा बरोबर तेच ऐकतो. उदगीरचे बसलिंगप्पा काका तर दर वेळी पप्पांना दोन्ही हात जोडून आमचा लिंगायतांचा नमस्कार घालतात, "शरणू शरणार्थी, शिवमूर्ती, भाऊ असावा तर असा." आणि आत्या हसते. ते हसणं मी लहानपणापासून बघत आलेय. ओठ थोडे ताणलेले, मान जराशी कलती. आनंदी माणूस असाच दिसतो, असं मी धरून चालले होते. माणसाचा चेहरा लहानपणी एकदा पाठ झाला की पुन्हा कोण वाचतं?

आमच्या लातुरात घराघरात एक तरी पोरगं ट्यूशनला असतं, आणि जिथं ट्यूशन तिथं दर आठवड्याला टेस्ट. त्या टेस्टचे पेपर आत्या टाइप करायची. सरांनी हातानं लिहिलेले कागद डाव्या बाजूला उभे करायचे, नजर कागदावर, बोटं आपली आपण खाली धावतायत. कीबोर्डवरची अक्षरं घासून केव्हाच गेली होती. नवीन माणसाला तो कीबोर्ड म्हणजे काळ्या दातांची नुसती रांग. त्या टेबलाखाली चटई टाकून मी झोपायची. वरून पावसासारखा नाही, भाजलेले शेंगदाणे सुपात पडावेत तसा आवाज यायचा, मधे थांबायचा, पुन्हा यायचा. थांबला की मला जाग यायची. सीपीयूच्या डब्याला पाठ लावली की ऊब लागायची, आणि आतला पंखा माझ्या मणक्यातून फिरतोय असं वाटायचं. अजून मला शाळेत अ, ब, क, ड असे पर्याय दिसले की पाठीला ती ऊब जाणवते. एकदा मी विचारलं होतं, "आत्या, तुला उत्तरं येतात का?" ती म्हणाली, "न्हाई गं. पण चारातलं एक बरोबर असतंच, मंजे. किती बरं वाटतंय न?" मी तेव्हा हसले होते. आता पेपर फारसे येत नाहीत. क्लासवाल्यांनी स्वतःची माणसं ठेवली, काही सर तर मोबाइलकडं तोंड करून बोलतात आणि तो आपला लिहून घेतो. राहिले एकटे मन्मथ सर. ते बोलायला लागले की मोबाइलसुद्धा दमतो, म्हणून ते अजून कागदच आणतात.

आठवडाभर मी कॉम्प्युटरभोवती फिरत होते. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि त्याच्यासमोर उभं राहायचं. एखाद्या म्हाताऱ्या पाहुण्याला आता घरी पाठवायचं की राहू द्यायचं, असं त्याच्या देखत ठरवल्यासारखं वाटायचं. चालू केला की बिचारा चालू व्हायचा. पंखा आधी गुरगुरायचा, मग घरघरायचा, मग दमेकऱ्यासारखा ओढायला लागायचा आणि थोड्या वेळानं फट् करून सगळं बंद. डब्याला हात लावला तर तव्यासारखा गरम. मी वहीत बघितल्यासारखं करून खोलीचं चित्र डोळ्यासमोर आणायची, खिडकी तीच, टेबल तेच, त्यावर माझी पुस्तकं, माझा दिवा. इथपर्यंत छान वाटायचं. मग मी त्या चित्रात आत्याला बसवायला जायची आणि तिला जागाच सापडायची नाही. स्वयंपाकघरात मम्मीशेजारी पालेभाजी निवडत बसवली, तर ती मम्मीची जागा. दुकानात बसवली, तर गिऱ्हाईक पप्पांना विचारणार, ह्या कोण. दिवाणावर बसवली तर नुसतीच बसलेली. उद्या बसलिंगप्पा काका आले आणि म्हणाले, उज्वला काय करते आजकाल, तर घरातलं कुणीतरी म्हणेल, "असते." हा एक शब्द मनात आला आणि मी स्कूटी चालवता चालवता एकदम ब्रेक दाबला. मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ ताई, झोप लागली का?" असते. माणूस आहे आणि त्याच्याबद्दल सांगायला एवढंच शिल्लक आहे. त्याच रस्त्याच्या कडेला, एक पाय जमिनीवर टेकून, मी ठरवलं. ठेवायचा. काहीही झालं तरी ठेवायचा. मी आत्याला वाचवणार. मला इतकं थोर वाटलं की पुढचा सगळा रस्ता मी पुन्हा गात गेले.

अष्टमीच्या दुपारी पप्पा दुकानात, मम्मी शेजारी भजनाला, आत्या मन्मथ सरांकडं त्यांचे हातानं लिहिलेले कागद परत द्यायला गेलेली. मी शिलाई मशीनच्या खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला. सीपीयू उघडायची आमच्या घरात कुणाची छाती झालेली नाही. पूर्वी तर हातपाय धुतल्याशिवाय त्या टेबलाजवळ जायचं नाही असा पप्पांचा नियम होता, आणि चप्पल मधल्या खोलीच्या बाहेर. माझा हात स्क्रूवर गेला तेव्हा देवघरातल्या वस्तूला पारोशा हातानं शिवल्यासारखं झालं. पत्रा निघाला. आधी वास आला. मला तो लगेच ओळखू आला आणि तरी त्याचं नाव आठवेना, जसं बसमध्ये ओळखीचं माणूस भेटतं आणि ते शाळेतलं की नात्यातलं कळत नाही. मग कळलं. आत दसरा होता. सगळे दसरे. तळाशी हळदीच्या अक्षता, झेंडूच्या पाकळ्या वाळून तपकिरी झालेल्या, नारळाच्या शेंडीचे धागे, आणि सगळ्यावर राखाडी, मऊ, मखमलीसारखा थर. मधल्या पंख्याखाली धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांच्या फटीतून हवा जायची असते. एकही फट दिसत नव्हती. विभूती बसली होती. चिमूट चिमूट, वर्षानुवर्षं.

खंडेनवमीला पप्पा घरातली सगळी हत्यारं मांडतात. दुकानाचा तराजू, शिलाई मशीन, अडकित्ता, गावाकडच्या शेतातून आणलेला विळा, आणि मधोमध कॉम्प्युटर. कॉम्प्युटर पाटावर उतरवता येत नाही म्हणून सगळी पूजाच कॉम्प्युटरच्या पायाशी येते. आणि पप्पांचा हट्ट असा की तो चालू करूनच पूजायचा. तराजूत माप ठेवून पूजा करतो, मशीनमध्ये दोरा ओवून करतो, मग हा बंद कसा ठेवायचा? झोपलेल्याला कुणी ओवाळतं का? म्हणून तो चालू असायचा, पडद्यावर आत्या एक दिवा काढून ठेवायची, आणि पप्पा तीन बोटांनी डब्यावर विभूतीचे आडवे पट्टे ओढायचे, बरोबर त्या चाळणीसारख्या भोकांवर, कारण कपाळासारखी सपाट जागा तीच होती. वरून अक्षता, फुलं. आतला पंखा ते सगळं भक्तीनं ओढून घ्यायचा. मी खाली बसले आणि मोठमोठ्यानं हसायला लागले. एकटीच. हा म्हातारा झालेला नव्हताच. आम्ही त्याला पूजून पूजून गुदमरवलं होतं. चित्रकलेच्या ब्रशनं मी पट्टी पट्टी झाडली, सायकलच्या पंपानं हवा मारली. राखेचा लोट उठला, माझ्या केसांत, भुवयांत, तोंडात गेला. विभूतीला चव असते, थोडी खारट. पत्रा न लावताच मी बटण दाबलं. पंखा फिरला आणि मला आधी वाटलं फिरतच नाहीये, इतका तो गप्प होता. मी वाट बघितली. घरघर नाही, फट् नाही. आत्याची अर्धी राहिलेली प्रश्नपत्रिकासुद्धा आपली आपण पडद्यावर परत आली. मी उभी राहून नाचले.

"अगं बया," दारातून आवाज आला. "ही पोरगी हाय का जंगम? अंगभर राख फासून काय करायलीस?" आत्या कोथिंबिरीची जुडी घेऊन उभी होती. "आत्या, बघ! चालतोय! म्हातारा न्हाई झाला, गुदमरला होता. पप्पांची विभूती, सगळी पंख्यात! आता बघ कसा पळायलाय!" आत्यानं उघड्या डब्यात बघितलं. मग पडद्याकडं. मग माझ्याकडं. "हाव," ती मान हलवून म्हणाली. "नुसतं हाव? नाच की!" "मला म्हाईत होतं, मंजे." "काय म्हाईत होतं?" "राख. मागल्या उन्हाळ्यात मागचा पत्रा सैल झालता, तवा दिसली." "मग काढली कामून न्हाईस?" तिनं कोथिंबिरीची ओली जुडी टेबलावर ठेवली, कीबोर्डच्या अगदी शेजारी. त्या टेबलावर पाण्याचा पेलासुद्धा तिनं कधी ठेवू दिला नव्हता. "काढली असती तर चालला असता," ती म्हणाली.

ती स्वयंपाकघरात गेली. नळाचा आवाज आला. मी तिथंच उभी, हातात ब्रश. काढली असती तर चालला असता. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते आणि ते काही केल्या माझ्या बाजूनं फिरत नव्हतं. आणि मग नांदेड आलं, न बोलावता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्या एका लग्नाला गेली तेव्हा मी बरोबर होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती मला पार्वतम्माकडं घेऊन गेली. पार्वतम्मा तिची मैत्रीण, मूळची देगलूरची, तिची नांदेडला टायपिंगची इन्स्टिट्यूट आहे. जिना चढून गेलं की मोठी खोली, रांगेनं कॉम्प्युटर, रांगेनं मुली. आत्या गप्पा मारता मारता उठली आणि त्या रांगांमधून चालायला लागली. एका मुलीपाशी थांबली, तिच्या मनगटाखाली दोन बोटं धरली. "सैल सोड. मनगटानं कामून मारायलीस? बोटांना जाऊ दे न." मुलीनं वर बघून "हो मॅडम" म्हटलं. मॅडम. मला हसू आलं होतं. तिथला कीबोर्ड वेगळाच होता, अक्षरं दुसऱ्याच जागी, पण आत्याची बोटं त्यावर अडखळली नाहीत. ती ते केव्हा आणि कुठं शिकली, हे मी तेव्हा विचारलं नाही. उसाचा रस पिताना पार्वतम्मा म्हणाली, "काय उज्वला, कधी येऊन राहिलीस? तुझी खुर्ची रिकामी ठेवली म्या. का मुहूर्त काढून राहिलीस?" आणि आत्या म्हणाली, "घरी कॉम्प्युटर हाय न बाई. त्याला टाकून कशी येऊ?" दोघी हसल्या. मीपण हसले, मला वाटलं केवढा भारी विनोद, जणू कॉम्प्युटर म्हणजे अंथरुणाला खिळलेली सासूच. हसताना आत्याचं तोंड पूर्ण उघडलं होतं, मागच्या दाढा दिसत होत्या, रसाचा फेस ओठावर, आणि मान कुठंही कलती नव्हती. तो चेहरा मी आमच्या घरात कधीच पाहिला नव्हता, आणि हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. ती कोथिंबीर न घेताच आत गेली होती, त्यामुळे ओट्याशी नुसती उभी होती. "तुला जायचंय," मी म्हणाले. तिनं बंद केलेला नळ पुन्हा घट्ट पिळला. "मग सांग की पप्पांना. ते काय नाही म्हणणारेत?" "काय सांगू?" ती वळली. "अण्णानं काय कमी केलं मला? तुझ्या मम्मीनं कधी एक शब्द वाकडा काढला न्हाई. भांडण असतं तर निघाले असते गं. निलंग्याहून निघालेच की, एका पिशवीवर. तिथून निघणं सोपं होतं." तिनं पदराला हात पुसले, कोरडेच होते ते. "ह्यो बंद पडला असता न, तर म्हणले असते, अण्णा, आता इथं काम न्हाई, तिकडं हाय. कुणाला काही लागलं नसतं." आणि मी तो चालू करून ठेवला होता. आत, मधल्या खोलीत, तो इतका शांत चालला होता की ऐकू येत नव्हता, आणि मला तो सारखा ऐकू येत होता.

संध्याकाळ होईपर्यंत मी तोंड धुतलं, पत्रा लावला, राख एका कागदात गोळा केली, कारण विभूती केरात टाकता येत नाही. आणि माझ्या डोक्यात पर्याय फिरत राहिले. सांगायचं, चालतोय, ठेवा. उद्या पूजा, पुन्हा तीन पट्टे, पुन्हा पाहुणे, पुन्हा तो कलता चेहरा. आणि कबूल करायला हवं की याच पर्यायात आत्या रोज सकाळी माझी वेणी घालणार होती, माझे विनोद संपायच्या आधी हसणार होती. दुसरं, सांगायचं, मेला, काढा. खोटं, पण लहान. आतली एक वायर ओढली की ते खरंसुद्धा होईल. माझा हात दोनदा त्या डब्याकडं गेला. पण मग पुढं? ती तरी बोलेल याची काय खात्री? नाही बोलली तर कॉम्प्युटर जाईल, टेबल माझं होईल, आणि ती आमच्या घरात असेल. नुसती असेल. जूनपासून मला कुणी काहीही विचारलं की उत्तर आपोआप तोंडात यायचं. त्या संध्याकाळी मी खिडकीच्या गजाला कपाळ लावून उभी राहिले. लोखंड गार होतं. आणि मला पहिल्यांदा शंका आली की विचारलं मला गेलंय, पण प्रश्न माझा नाहीये. फळ्यावरचं चिन्ह चुकलं होतं तेव्हा ते कुणीही दुरुस्त केलं असतं तरी चाललं असतं. इथं तसं नव्हतं. इथं एकाच माणसानं उभं राहायचं होतं, आणि ते माणूस देवघराशी पूजेची भांडी घासत बसलं होतं.

पप्पा आले, पाय धुतले, कपाळाला विभूती लावून चहाला बसले. "काय इंजिनिअर? लागला का निकाल?" "चालतोय पप्पा. एकदम मस्त चालतोय. तुमची विभूती अडकली होती पंख्यात, काढली." पप्पांनी बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडं बघवेना. "काय म्हणलं होतं मी! कंपनीचा माल हाय. महानंदा, ऐकलंस का?" "ऐकलं," मम्मी म्हणाली. "आता उद्या लांबूनच ओवाळा म्हणावं. का त्याला आंघोळपण घालायची?" "मग ठेवायचा," पप्पा म्हणाले. "झालं, मिटलं." "पप्पा, चालतोय का, ते मी बघितलं. ठेवायचा का ते मी न्हाई सांगणार. ते आत्याला विचारा." "तिला काय विचारायचं? तिचाच हाय न त्यो." "म्हणून तर." माझा तो जूनमधला आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. हे मी अगदी हळू बोलले. पप्पांनी आत्याकडं बघितलं. ती हातातलं निरांजन घासत होती, घासून झालेलं, पुन्हा घासत होती. मला वाटलं, मी चुकले. मला वाटलं, ती आता हसेल, तेच, आणि म्हणेल, तुम्ही म्हणाल तसं अण्णा.

"पार्वतम्मा बोलवायलीय," आत्या म्हणाली. "नांदेडला. शिकवायला. मी जाते म्हणते, अण्णा." "नांदेडला?" पप्पा म्हणाले. "आणि ह्यो?" "ह्यो मंजीला ठेवा. का काढा. मला नको." "अगं पण इथं तुला काय..." पप्पांनी सुरुवात केली. त्यांचा हात हवेत तसाच राहिला. मम्मीनं त्यांची बशी त्यांच्यापुढं सरकवली. "चहा गार व्हायलाय," ती म्हणाली, आणि मग आत्याकडं न बघता, "तिकडं जेवायचं काय करणारेस? पार्वतम्माच्या हाताला मीठ न्हाई, तूच म्हणली होतीस." पप्पा चहा प्याले. एक एक घोट, शेवटपर्यंत. ते उठून मधल्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आत बघितलं, परत आले. त्यांना राग आलाय का दुःख झालंय ते मला त्यांच्या पाठीवरून ओळखता येईना. परत बसले तेव्हा ते जमिनीकडं बघून बोलले. "लोह्यावरून जाणारी गाडी धर. अहमदपूरच्या पुढं रस्ता चांगला झालाय. रेल्वेनं जाऊ नको, ती लई फिरून जाते. आणि सकाळची पहिली यष्टी घे, मी येतो सोडायला. दुपारच्या गाडीला बसायला जागा मिळत न्हाई."

"न्हाई अण्णा," आत्या म्हणाली. पप्पांनी मान वर केली. मीही केली, कारण हे दोन शब्द एकमेकांशेजारी मी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. "मी दुपारच्याच गाडीनं जाईन. सकाळी मला झोपायचंय."

मम्मीला ठसका लागला. मग पप्पांच्या पोटातून हसू आलं, नको नको म्हणत आलं, आणि पालथ्या हातानं त्यांनी डोळे पुसले. मी पण हसत होते. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की सकाळी झोपलेली आत्या मी आजवर पाहिलेलीच नाही. ती कुठल्या कुशीवर झोपते, तोंडावर पांघरूण घेते का, हाक मारली तर चिडते का, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आणि आता ते सगळं नांदेडच्या कुठल्यातरी खोलीत, ऊन पार उशाशी आलेलं असताना घडणार होतं, आणि मी त्या वेळी इथं शाळेत असणार होते.